गॅसवरून विजेवर येताना: आधी घर, मग वायरिंग, मग उपकरणं

घर विजेवर आणायचं ठरलं की पहिली धाव दुकानाकडे असते, आणि क्रम तिथेच चुकतो. आत शिरणारी उष्णता आणि फुकट जळणारी वीज आधी कमी केली, तर एसी लहान पुरतो आणि आहे त्या जोडणीवर नव्या शेगडीला जागा मिळते. म्हणून खरेदी शेवटी.

सुरुवात मीटरपासून करा. फ्रीजसकट सगळं बंद ठेवून मीटरवरचा लाल दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो हे मीटरवर छापलेलं असतं. समजा तो आकडा 3200 आहे. एक युनिट म्हणजे 36 लाख वॉट-सेकंद. 36 लाखांना 3200 ने भागलं की 1125 येतात, त्यांना सेकंदांनी भागलं की वॉट मिळतात. दिवा दर 10 सेकंदांनी लुकलुकत असेल, तर ‘बंद’ घर 112 वॉट खातंय, म्हणजे दिवसाला पावणेतीन युनिटं. आता बोर्डातली एकेक एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पाडत जा. कोणत्या सर्किटवर लुकलुक मंदावते, तिथे चोर सापडतो. बहुधा तो सेट-टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टर किंवा प्लगमध्येच राहिलेला चार्जर असतो. पंख्यांचं गणित याहून सोपं आहे: जुना छताचा पंखा 70 ते 80 वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा 30 ते 35.

वरच्या मजल्यावर खरी लढाई स्लॅबशी असते. काँक्रीट उष्णता सहज वाहून नेतं. 50 मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस (दाट फोमचा, पाणी फारसं न शोषणारा) बोर्ड जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट दोन मीटरहून जाड लागेल. बोर्ड गच्चीवर बाहेरून टाका. आतून छताला लावले, तर स्लॅब दिवसभर तापतच राहतो. आधी गळती आणि उतार दुरुस्त करा, वॉटरप्रूफिंग करा आणि पाणी तुंबवून तपासा. मग बोर्ड विटांसारखे सांधे चुकवून घट्ट बसवा, वर जिओटेक्स्टाईल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्यांचं) कापड अंथरा आणि त्यावर जाळी घालून काँक्रीटचा थर किंवा फरशी करा. या वाढीव वजनाला स्लॅब पुरेसा आहे का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. स्वस्त म्हणून थर्माकोल वापरू नका: वॉटरप्रूफिंगच्या वर टाकलेला थर्माकोल हळूहळू पाणी धरतो, आणि ओला झाला की उष्णता अडवत नाही. एवढा खर्च जमत नसेल तर पांढरा परावर्तक रंग द्या, पण धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, तेव्हा गच्ची धुवायची सवय लावावी लागेल. खिडकीचं ऊनही काचेच्या बाहेरच अडवायचं. आतला पडदा तापतो तेव्हा ऊन घरात येऊन चुकलेलं असतं.

फटी शोधायला खिडक्या बंद करा, एक्झॉस्ट पंखा लावा आणि पेटती उदबत्ती चौकटींच्या कडेने फिरवा. धूर जिथे वळतो तिथे फट आहे. हलत्या झडपेला रबरी पट्टी आणि स्थिर चौकटीला सिलिकॉन लावा. मात्र घरात गॅस गिझर किंवा गॅसची शेगडी चालू असेपर्यंत हवेच्या जाळ्या बुजवू नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, आणि तो जीव घेतो. गॅस गिझर आधी काढा, फटी मग बुजवा. गॅस गेल्यावरही स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लागतोच, कारण फोडणीचा धूर इंडक्शनवरही होतो.

आता वायरिंग. 2000 वॉटची शेगडी 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर घेते. 6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये ती लावली, तर सॉकेट वितळतं. तिला 16 अँपिअरचं सॉकेट, बोर्डापासून स्वतंत्र 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 16 अँपिअरची एमसीबी द्या. गिझरला 4 चौरस मिलिमीटर. चार चुलींच्या 7 किलोवॉटच्या शेगडीला 32 अँपिअरचं वेगळं सर्किट आणि 6 चौरस मिलिमीटरची वायर लागते. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा. एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी बसवणं ही सर्वांत घातक चूक आहे. ती वायर वाचवण्यासाठी असते. मोठी बसवलीत तर तिच्याऐवजी वायर जळेल. नवं उपकरण अर्धा तास चालवून प्लगला हात लावा. तो चटका देत असेल तर आत स्क्रू सैल आहे. मंजूर भारही, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या जोडणीला दिलेली किलोवॉटची मर्यादा, पाहा: 3000 चा गिझर, 2000 ची शेगडी आणि 1500 चा एसी एकदम चालले, तर 6.5 किलोवॉट होतात. एकतर भार वाढवून घ्या, नाहीतर गिझरला टायमर लावा.

इंडक्शनसाठी भांडी लोहचुंबकाने तपासा. चुंबक तळाला घट्ट चिकटला, तर भांडं चालेल. नुसता अडकला, तर ते घरघरेल आणि सावकाश तापेल. तळ सपाट हवा. शेगडीखालची हवेची जाळी भिंतीला टेकवू नका, नाहीतर ती तापून स्वतःच बंद होते.

अंघोळीच्या पाण्यात बचत सगळ्यात मोठी आहे. 100 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साध्या गिझरला साडेतीन युनिटं लागतात. हीट पंप भोवतालच्या हवेतली उष्णता ओढतो, त्यामुळे त्याचं साधारण सव्वा युनिटात भागतं. पण तो सावकाश तापवतो, एका टाकीला दोन-तीन तास घेतो. म्हणून टाकी मोठी घ्या. बंद कोंदट कपाटात बसवलात, तर तो स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढतो आणि बचत जाते. त्याच्याभोवती किमान 20 घनमीटर हवा किंवा जाळीचं दार हवं. हवा गार होताना हीट पंपातून थेंबणाऱ्या पाण्याच्या नळीला उतार द्या. पाणी जड असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा दरवर्षी काढून पाहा. तो संपला की टाकी गंजायला लागते.

गॅसजोडणी स्वतः उचकटू नका. पुरवठादाराच्या माणसाकडून टोक बंद करून घ्या आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का, ते त्याच्यासमोरच पाहा.