पावसाच्या तोंडावर कुंड्या भरताय? आधी वाफसा येतो का बघा

मंडळी, पाऊस आठ-पंधरा दिवसांवर आलाय आणि सगळ्यांची कुंड्या, ग्रो बॅगा भरायची घाई सुरू झालीय. भरायच्या आधी एवढं वाचा, कारण उन्हाळ्यात जे मिश्रण झकास चालतं तेच पावसात रोपं मारतं आणि मग आपण बुरशीनाशक शोधत बसतो.

वाफसा म्हणजे काय ते शेती करणाऱ्याला सांगायला नको. पाऊस पडून गेला, जास्तीचं पाणी खाली निघून गेलं, ढेकूळ मुठीत दाबलं की भुगा होतो, हाताला चिकटत नाही, म्हणजे जमिनीत ओल पण आहे आणि हवा पण आहे. शेतात हे आपोआप होतं कारण खाली कित्येक फूट जमीन सलग असते आणि ती पाणी खाली खाली ओढत राहते. कुंडीत मात्र वीतभर गेलं की तळ लागतो. तिथे पाणी थांबतं, भोकं कितीही पाडा, तळाजवळचा एक थर ओलागच्च राहतोच. म्हणून कुंडीचं मिश्रण निवडताना पहिला प्रश्न "यात खत किती" हा नाही, "पाणी घातल्यावर यात हवा किती उरते" हा आहे. खत नंतर वरून पण देता येतं, हवा वरून देता येत नाही.

विश्वास बसत नसेल तर भांडी घासायचा स्पंज घ्या, पाण्यात बुडवून काढा आणि आडवा धरा. ठिबकायचा थांबला की तसाच उभा करा. परत पाणी गळायला लागेल! स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीचंही असंच असतं, तेच मिश्रण उथळ पसरट कुंडीत जास्त ओलं राहतं आणि उंच कुंडीत कमी. पालेभाजीच्या ट्रेला आणि उंच ड्रमला एकच मिश्रण भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, ट्रेचं मिश्रण जास्त भरड पाहिजे.

आणि यातूनच दुसरी गोष्ट, जी मी स्वतः कितीतरी वर्षं चुकीची करत होतो. तळाला खडी नाहीतर खापराचे तुकडे भरायचे म्हणजे पाणी चांगलं निघतं, असं सगळेच सांगतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांमध्ये सहजासहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण गच्च झाल्याशिवाय ते खाली सोडतच नाही. म्हणजे ओला थर जातो कुठे? कुठेच नाही, खडीच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर जाळीचा नाहीतर शेडनेटचा एक तुकडा टाका, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता, बस्स. बाकी सगळी उंची मिश्रणालाच द्या.

आता टेस्ट. ही केल्याशिवाय मी आता एकही नवीन मिश्रण वापरत नाही. 10 लिटरची कुंडी घ्या, भोकं चिकटपट्टीने घट्ट बंद करा. मिश्रण आधी थोडं ओलसर करून एक रात्र ठेवलेलं असावं, कारण कोरडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) स्वतःच पाणी पितं आणि हिशोब चुकतो. या टेस्टपुरती कुंडी काठोकाठ भरा, दाबायचं नाही, दोनदा जमिनीवर आपटा. मग कडेने हळूहळू पाणी सोडत रहा, वरपर्यंत चमक येईस्तोवर. थोडा वेळ थांबा, पातळी उतरली तर अजून घाला. मग घमेल्यावर धरून चिकटपट्ट्या काढा आणि अर्धा तास गळू द्या. जेवढं पाणी घमेल्यात आलं तेवढीच हवेची जागा. दीड लिटर आलं तर 15 टक्के. पावसात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीला 15 ते 20 असावं असं माझं मत, 10 च्या खाली असेल तर ते मिश्रण परत मोकळं करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा काळी माती आणि शेणखत निम्मं निम्मं असलेल्या कुंडीतून जेमतेम 300 मिली पाणी आलं, म्हणजे 3 टक्के! आणि त्याच मिश्रणात मी मागच्या पावसात मिरची लावून "यंदा रोप चांगलं नव्हतं" म्हणत बसलो होतो.

काळी माती शेतात सोनं असेल, कुंडीत ती डोकेदुखी आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग पाणी घातलं की त्या फटीतून सरळ खाली जातं आणि आपल्याला वाटतं वा, निचरा छान आहे. मधला गोळा कोरडाच असतो. लाल नाहीतर पोयट्याची माती त्यामानाने बरी, पण ती पण चौथा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा. काळ्या मातीत थोडी वाळू घालून सुधारणा होईल हा पण गैरसमज आहे, थोड्या वाळूने ती विटेसारखी घट्ट होते. वाळू घालायचीच तर भरड, चाळणीवर राहिलेली, आणि भरपूर. बारीक वाळू उलट पोकळ्या बुजवते, आणि समुद्राची वाळू नकोच, मीठ असतं.

गच्चीवर कुंड्या असतील तर वजनाचा पण विचार करा, ओली माती लिटरला दीड ते पावणेदोन किलो भरते, म्हणजे 50 लिटरचा एक ड्रम पाऊस पडल्यावर 80 किलोच्या घरात जातो. कोकोपीटवालं हलकं मिश्रण निम्म्याच्या आसपास.

कोकोपीटबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 5 किलोची वीट भिजवली की साधारण 65 ते 75 लिटर होते, हलकं, स्वच्छ, पाणी धरणारं, सामू (पीएच) पण साधारण 5.5 ते 6.5, सगळं छान. पण त्यात अन्न जवळपास नाही आणि क्षार असू शकतात. मी एकदा स्वस्तातली वीट आणून न धुता तशीच रोपांच्या ट्रेमध्ये वापरली, टोमॅटोची रोपं उगवली खरी पण दुसऱ्या पानावर सगळ्यांच्या कडा करपल्या. विकणारा म्हणाला धुतलेलं आहे, आणि मी पण त्याच्यावर विश्वास ठेवला. आता ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र) लावून बघतो, धुऊन निघालेल्या पाण्याचा ईसी 1 mS/cm च्या खाली आला पाहिजे, रोपांसाठी 0.5 च्या आसपास. मीटर नसेल तर तीन-चार वेळा भिजवा, पूर्ण निथळू द्या, परत भिजवा. चहासारखा रंग गेला म्हणजे मीठ गेलं असं मात्र समजू नका, तो रंग टॅनिनचा असतो, त्याचा क्षाराशी संबंध नाही. शिवाय सोडियम आणि पोटॅशियम कोकोपीटला चिकटून बसलेले असतात, ते नुसत्या पाण्याने पूर्ण निघत नाहीत, कॅल्शियम त्यांना ढकलून बाहेर काढतं. म्हणून कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य पाण्यात रात्रभर भिजवून परत धुतात, पाकिटावर बफर्ड लिहिलेलं असतं ते हेच. हे नाही केलं तर कोकोपीट तुमच्या खतातलंच कॅल्शियम आधी स्वतः धरून ठेवतं आणि टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडतो.

पावसात कोकोपीट कमी करा. उन्हाळ्यात अर्धं चालतं, पावसात पाव भाग पुरे, कारण पाणी धरणं हा त्याचा गुण आता अवगुण होतो.

मोकळेपणासाठी परलाईट उत्तम. हा ज्वालामुखीच्या काचेचा दगड, साधारण 850-900 अंशाला तापवला की लाहीसारखा फुलतो. कुजत नाही, हलका असतो, पण मोठ्या पावसात तरंगून वर येतो आणि पांढरा थर दिसायला लागतो, घाबरू नका. धूळ फार असते, ओलं करूनच हाताळा. वर्मिक्युलाईट वेगळं, ते अभ्रकाच्या जातीचं, पेटीच्या भात्यासारखे त्याचे पदर उघडतात आणि ते पाणी धरतं, म्हणून बियांच्या ट्रेलाच ठेवा, मोठ्या कुंडीत दाबलं जाऊन चपटं होतं. हे दोन्ही परवडत नसेल तर भाताचं तूस घ्या, त्यात सिलिका असल्यामुळे हळू कुजतं. राहिलेले दाणे उगवतात, उपटून टाका. कोळशाचे किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे पण चालतात, भुकटी चाळून काढायची. लाकडाचा ताजा भुसा नको, तो कुजताना नत्र स्वतःच खातो आणि झाड पिवळं पडतं.

माझं पावसाळी मिश्रण घमेल्यानेच मोजतो: एक घमेलं माती, एक कोकोपीट, एक चांगलं कुजलेलं खत, एक भरड माल (परलाईट, तूस नाहीतर विटा-कोळशाचे तुकडे). मोठ्या फळझाडाला माती थोडी जास्त चालते, निवडुंगासारख्यांना भरड माल निम्मा. निंबोळी पेंड 10 लिटरला एक मूठ. हे काही ब्रह्मवाक्य नाही, 1930 च्या दशकात इंग्लंडच्या जॉन इन्स या बागायती संशोधन संस्थेत 7 भाग माती, 3 भाग पीट (दलदलीत अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि 2 भाग वाळू असं प्रमाण ठरवलं, 1960 च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठवाल्यांनी माती पार काढूनच टाकली. दोन्हींमध्ये झाडं वाढली. तेव्हा प्रमाणावरून भांडू नका, घमेल्यातलं पाणी मोजा.

खतात एकच बघा, ते पूर्ण कुजलंय का. ओंजळभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन-चार दिवस ठेवा, उघडल्यावर आंबूस किंवा नाकात झोंबणारा वास आला तर अजून कच्चं आहे. पावसाच्या मातीसारखा वास आला तर घ्या. शंका असेल तर त्यात मुळ्याचे 10 दाणे टाका, आठ उगवले म्हणजे ठीक. गांडूळखत चांगलंच असतं पण बारीक असतं, पाव भागापेक्षा जास्त झालं की लगदा होतो. पावसाने नत्र धुऊन जातं, तेव्हा सुरुवातीलाच भरमसाठ घालण्यापेक्षा पंधरा दिवसांनी थोडं थोडं वरून द्या.

भरताना वर दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडा आणि हाताने दाबू नका, पाणी घातलं की आपोआप बसतं.

मागच्या वर्षीचं मिश्रण फेकू नका. मुळं चाळून काढा, गाठी असलेली मुळं दिसली तर त्या कुंडीचं वेगळं ठेवा, तो सूत्रकृमी (मुळांत शिरणारा सूक्ष्म किडा) असू शकतो. चांगलं असेल तर रोगजंतू मरावेत म्हणून ओलं करून पारदर्शक प्लास्टिकखाली पसरून कडक उन्हात चार ते सहा आठवडे तापवायचं असतं, काळ्या प्लास्टिकखाली तेवढं तापत नाही. एवढे दिवस आता हातात नाहीत, म्हणून जुनं मिश्रण पोत्यात भरून पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा, ऊन परत कडक झालं की तापवा आणि तोपर्यंत कुंड्या नव्याने भरा.