दक्षिण इटलीतल्या ब्रिगान्तेंवर अभ्यास करायचाय? आधी हे वाचा

आपल्याकडे इटली म्हटलं की मॅझिनी आणि गॅरिबाल्डी. सावरकरांनी मॅझिनी मराठीत आणला तेव्हापासून एकीकरण म्हणजे स्वातंत्र्ययुद्ध एवढंच आपल्या डोक्यात बसलंय, माझ्याही होतं. एमएला विषय शोधताना कळलं की १८६१ ला इटलीचं राज्य जाहीर झालं आणि त्याच वर्षी बासिलिकाता, कंपानिया, पुलिया या भागात शेतमजूर, गुराखी आणि मोडलेल्या बूर्बाँ (नेपल्सचं जुनं राजघराणं) सैन्यातले शिपाई बंदुका घेऊन डोंगरात गेले, त्यांनाच ब्रिगान्ते म्हणजे दरोडेखोर म्हटलं गेलं, आणि त्यांना मोडायला नव्या सरकारला लाखाच्या आसपास सैन्य उतरवावं लागलं. मी त्याच दिवशी विषय ठरवला.

पहिली गोष्ट, ब्रिगान्ते हा शब्द कोण वापरतंय ते बघा. मिकेले पेझ्झा उर्फ फ्रा दियाव्होलो नेपल्सच्या राजासाठी फ्रेंचांशी लढला, राजाने त्याला कर्नल केलं, आणि फ्रेंचांनी १८०६ मध्ये ब्रिगान्ते म्हणून फाशी दिली. माणूस एकच.

दुसरं, सुरुवात लढायांनी करू नका, जमिनीने करा. मी हे उलटं केलं आणि सहा महिने वाया गेले. १८०६ मध्ये सरंजामशाही कायद्याने संपली, पण गावाची सामायिक जमीन, म्हणजे आपल्या भाषेत गायरान, जिथे लोक ढोरं चारायचे, सरपण आणायचे, ती हळूहळू गावातल्या बड्या घराण्यांनी कुंपण घालून गिळली. गॅरिबाल्डी आला तेव्हा वाटलं आता जमीन वाटतील, वाटली नाही, वर सक्तीची सैन्यभरती आली. हे समजलं की ब्रिगान्तेंचा म्होरक्या कार्मिने क्रोक्को समजतो. १८३० चा, रिओनेरोचा, बूर्बाँ सैन्यातून पळालेला, १८६० मध्ये माफी मिळेल म्हणून गॅरिबाल्डीच्या बाजूने लढला, माफी नाहीच, अटक झाली, तिथून सुटला तो थेट बूर्बाँच्या झेंड्याखाली, आणि एप्रिल १८६१ मध्ये त्याच्या माणसांनी वेनोझा आणि मेल्फी घेतलं.

आता कागदपत्रं. भाषा तर शिकाच, पण जुनं हस्ताक्षर वाचायची सवय वेगळी करावी लागते, मोडी न येता पेशवे दफ्तरात जाऊन बसण्यात जसा अर्थ नाही तसंच. लष्करी कोर्टाच्या फायली रोमच्या केंद्रीय अभिलेखागारात आहेत, स्थानिक खटले बासिलिकातातल्या पोतेंझा शहराच्या अभिलेखागारात वगैरे. २०१७ पासून स्वतःच्या मोबाईलने फोटो काढायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे तिथे बसून उतरवत बसू नका, फोटो काढा, प्रत्येक फोटोला फाईल नंबर द्या, रात्री घरी वाचा.

वाचायच्या आधी ऑगस्ट १८६३ चा पिका कायदा पाठ करा. "ब्रिगान्ताज्जोग्रस्त" म्हणजे ब्रिगान्तेंचा उपद्रव असलेले असं जाहीर झालेल्या प्रांतांत लष्करी कोर्ट, तीन किंवा जास्त जणांची सशस्त्र टोळी करून फिरणं हाच गुन्हा, प्रतिकार केला तर गोळ्या घालायच्या, भाकरी पुरवणाऱ्यालाही शिक्षा. हा कायदा १८६५ अखेरपर्यंत चालला. त्यामुळे जबानीत एखादी बाई "त्यांनी जबरदस्तीने जेवण नेलं" म्हणते तेव्हा ती खरं सांगत असेल किंवा जीव वाचवत असेल, दोन्ही शक्यता धरूनच पुढे जायचं.

क्रोक्कोचं आत्मचरित्र सगळे आधी उचलतात, मीपण. पण ते तुरुंगात मासा नावाच्या लष्करी कॅप्टनने लिहून घेतलं आणि १९०३ मध्ये छापलं, तर त्यातलं क्रोक्कोचं किती आणि कॅप्टनचं किती हे खटल्याच्या कागदांशी ताडून बघावं लागतं. फोटोंचंही तेच. मिकेलिना दी चेझारे या ब्रिगान्ते टोळीतल्या बाईचा बंदूक घेतलेला फोटो मुद्दाम पोज देऊन काढलेला आहे, आणि १८६८ मध्ये तिला मारल्यावर मृतदेहाचाही काढला. तो मी स्लाइडवर लावत नाही, मला ते बरोबर वाटत नाही.

मेलेल्यांच्या आकड्यांपासून सांभाळून. पोन्तेलान्दोल्फोला १४ ऑगस्ट १८६१ ला सैन्याने गाव जाळलं, माणसं मारली, यात वाद नाही. पण किती मेली यावर आजही राजकारण चालतं आणि नेटवर हजारोंचे आकडे फिरतात. कुठल्या नोंदीवरून आलाय हे दिसल्याशिवाय आकडा लिहू नका.

आणि एक काम पहिल्याच आठवड्यात करा. दक्षिणेत जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८०९ पासून आहे आणि बरीचशी आन्तेनाती या इटलीच्या अभिलेखागारांच्या सरकारी वेबसाइटवर फुकट दिसते. खटल्यातल्या एका साध्या माणसाचं नाव घ्या आणि त्याच्या गावाची पानं चाळा. मला माझ्या फायलीतला बावीस वर्षांचा पोरगा तिथे सापडला, बापाचा धंदा शेतमजूर, आईचा सूत कातणं.