महामारीतल्या सरकारी कारभारावर मालिका लिहायची तर : विदर्भातल्या गावापुरती कामाची टिपणं

महामारीत सरकार कसं वागलं यावर मालिका लिहायला बसलेला माणूस पहिला प्रसंग हमखास मंत्रालयात टाकतो. लांब टेबल, पडद्यावर आलेख, घाम पुसणारा सचिव. असला प्रसंग मुंबईत बसून कुणीही लिहील. विदर्भातल्या गावावर लिहिणाऱ्याच्या हाती त्याहून चांगला ऐवज आहे : निघालेला आदेश आणि गावात पोचलेला आदेश, यांच्यातलं अंतर. मालिकेचा कणा तोच धरा. पात्रं त्याच्या आजूबाजूला आपोआप उभी राहतात.

आधी काळ ठरवा

‘कोरोनाकाळ’ असा एक सलग काळ धरला की पटकथा पहिल्याच भागात घसरते. विदर्भातल्या गावाने निदान तीन वेगळे काळ पाहिले.

मार्च ते जून २०२०. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. बहुतेक गावांत तेव्हा एकही रुग्ण नाही, पण सगळं बंद. कापूस घरात पडून, खरेदी केंद्राला कुलूप. मिरची तोडायला तेलंगणात गेलेले चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर तिकडेच अडकलेले, काही पायी निघालेले. जे पोचले त्यांचा मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. रोग दिसत नाही, फक्त सरकार दिसतं. म्हणून कारभारावर लिहिणाऱ्याला हा काळ सोन्यासारखा आहे आणि नेमका तोच सगळे वगळतात.

दुसरा काळ सप्टेंबर-ऑक्टोबर २०२०. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम १५ सप्टेंबरला सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक तापमापी, ऑक्सिमीटर घेऊन दारोदार. यातून एखादा भाग निघेल, अख्खी मालिका नाही.

तिसरा काळ फेब्रुवारी ते मे २०२१. बाकीचा महाराष्ट्र मोकळा श्वास घेत होता, तेव्हा अमरावती विभागात आकडे चढत होते. अमरावती शहर आणि अचलपूर २२ फेब्रुवारीच्या रात्रीच पुन्हा बंद झालं, राज्यभराची संचारबंदी आली १४ एप्रिलला. गावात मरण आलं ते या काळात. सहा भागांची मालिका असेल तर यातला एकच काळ घ्या. दोन घेतलेत तर मास्क, पासेस, नियम, दंड सगळं बदलतं आणि अर्धे संवाद खुलासे करण्यात जातात.

भिंतीवर चार रकान्यांचा तक्ता

तारीख, आदेश, गाव, शेत. पहिले तीन रकाने सगळेच भरतात, चौथा रिकामा राहतो आणि तिथेच मालिका खोटी पडते. मार्च-एप्रिलात मोहफूल वेचायचं असतं, मे महिन्यात तेंदूपान. दोन्ही कामं घरात बसून होत नाहीत. जूनमध्ये पेरणी, त्याआधी बियाण्याला पैसा, आणि तो पैसा घरातल्या कापसात अडकलेला. ‘घरीच राहा’ हा आदेश कोणत्या आठवड्यात आला, यावर तो पाळणं सोपं की अशक्य हे ठरतं. प्रत्येक प्रसंगाच्या माथ्यावर तारीख लिहाच. पडद्यावर नाही दाखवली तरी चालेल, लिहिणाऱ्याला माहीत हवी.

कोण कुणाचं ऐकतं

जिल्हाधिकारी इथे नुसता महसुलाचा साहेब नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे तो जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष आहे, त्याची सही त्या अधिकाराने आहे. सोबत १८९७चा साथरोग कायदा, जमावबंदीचं कलम १४४ आणि मोडणाऱ्यासाठी भादंविचं (भारतीय दंड विधानाचं) कलम १८८. आज लिहिताना कुणाच्या तोंडी दंड विधानाच्या जागची भारतीय न्याय संहिता घातलीत तर चूक : ती १ जुलै २०२४पासून आली. तीच गत पदनामांची. तेव्हा ग्रामसेवक होता, तलाठी होता. ‘ग्रामपंचायत अधिकारी’ आणि ‘ग्राम महसूल अधिकारी’ या नंतरच्या पाट्या.

डॉक्टरांत तीन घरं आहेत आणि खरी चकमक त्यांच्यात होते. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता वैद्यकीय शिक्षण खात्याचे. रुग्ण एकच, पण खाट, रुग्णवाहिका आणि औषध तीन वेगळ्या कागदांवर. ‘डीएचओ’ (जिल्हा आरोग्य अधिकारी) आणि ‘सीएस’ (जिल्हा शल्यचिकित्सक) यांचा एका खोलीतला तणाव ज्याला लिहिता आला, त्याला वेगळा खलनायक शोधावा लागत नाही.

सरपंचाचं तर फार जपून. २०२०मध्ये मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक बसले होते, बहुधा पंचायत समितीचा विस्तार अधिकारी, एकाच्या गळ्यात चार-पाच गावं. राज्यातल्या १४ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींची निवडणूक जानेवारी २०२१मध्ये झाली. म्हणजे तुमचं गाव त्यांतलं असेल तर सप्टेंबर २०२०मध्ये खुर्चीवर सरपंच नाही. माजी सरपंच आहे, आणि लोक अजूनही त्याच्याच ओट्यावर जातात. एप्रिल २०२१मध्ये खुर्चीवर नवा सरपंच आहे, शिक्का हाती येऊन दोन-तीन महिने झालेला. दोन्ही स्थितींत नाट्य आयतं आहे, फक्त त्यांची अदलाबदल नको.

हाक मारण्याच्या रीती साध्या ठेवा. कलेक्टर असो की बीडीओ (गटविकास अधिकारी), गावासाठी ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’. पोलीस निरीक्षक विदर्भात ‘ठाणेदार’. नर्स ‘सिस्टर’, शिक्षक ‘गुरुजी’ नाहीतर ‘सर’. वयस्कर माणसाला ‘काकाजी’, ‘मामाजी’. साहेबाच्या फोनला उत्तर ‘हो जी’.

एक आदेश घ्या आणि त्याचा माग काढा

पटकथेचा सराव एका आदेशावर करा. राज्याने २१ एप्रिल २०२१ला काढलेला आणि २२ तारखेच्या रात्री ८ पासून लागू झालेला आदेश घेऊ. लग्न एकाच सभागृहात, दोन तासांत, जास्तीत जास्त २५ माणसांत. मोडलं तर ५० हजार रुपये दंड. लग्नसराई भरात, पत्रिका वाटून झालेल्या.

पहिला टप्पा जिल्हा. मूळ कागदावरून जिल्ह्याचा आदेश तयार होतो आणि त्याची भाषा ठरलेली असते. वर जावक क्रमांक, मग ‘वाचा :’ खाली जुन्या आदेशांची यादी, मग ‘ज्याअर्थी…’ असे दोन-तीन परिच्छेद, मग ‘त्याअर्थी, मी, जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मला प्राप्त अधिकारांचा वापर करून…’, आणि शेवटी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून लांबलचक शेपूट. हा कागद कलाविभागाकडून खरा वाटेल असा टाईप करून घ्या. कॅमेऱ्यासमोर इंटरनेटवरचा कुठलातरी कागद धरला की शासकीय नोकरीतला प्रेक्षक तिथेच उठतो, आणि विदर्भात प्रत्येक घरात एक तरी तसा प्रेक्षक असतो.

दुसरा टप्पा तालुका. तहसीलदाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ पडते. खाली एकच ओळ : ‘तात्काळ अंमलबजावणी करून अहवाल सायंकाळी ५ पर्यंत.’ ग्रामसेवकाकडे तीन गावं. तो पीडीएफ उघडत नाही, पुढे ढकलतो. मात्र ५ वाजता तक्त्यात ‘निरंक’, म्हणजे कळवण्याजोगं काही नाही, असं भरायला विसरत नाही. ‘निरंक’ हा शब्द मालिकेत पुन्हा पुन्हा येऊ द्या.

तिसरा टप्पा गाव. कोतवाल दवंडी देतो किंवा घंटागाडीच्या भोंग्यावरून ओरडतो :

‘ऐका होऽऽ! लगनाले पंचवीसच मानसं! दोन घंट्यात उरकावं! नाहीतर पन्नास हजार दंड!’

चार पानांतून एवढंच उरलं. आता प्रश्न सुरू होतात, ज्यांचं उत्तर गावात पोचलेल्या कागदात नाही. नवरीचा बाप ग्रामसेवकाला विचारतो, ‘सायब, पंचवीसमंधी नवरदेव-नवरी धरून हाय का सोडून?’ बँडवाले धरायचे का? स्वयंपाकी? मंडप घरापुढे आहे, सभागृह कुठून आणू? ग्रामसेवक बीडीओंना फोन लावतो, बीडीओ तहसीलदारांना, तहसीलदारांची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) चालू आहे. इकडे पोळ्यांची कणीक भिजलेली. या प्रसंगात एकही माणूस वाईट नाही, तरी संध्याकाळी कुणालातरी दंड होणार आहे. असा एक आदेश म्हणजे एक भाग, ढोबळ २२ मिनिटं. त्यातली जिल्ह्याला चार, तालुक्याला पाच आणि बाकी सगळी गावाला द्या. उलटं केलंत की बातमीपत्र होतं.

ऑक्सिजनचा प्रसंग : गणित आधी, रडणं नंतर

एप्रिल २०२१ घेतलात तर हा प्रसंग टळत नाही. त्यात बहुतेकांची चूक एकच : सिलिंडर ‘अचानक’ संपतो. तो अचानक संपत नाही. दाबमापी दिसत असते, सिस्टरला वेळ ठाऊक असते. भीती त्या ठाऊक असण्यातच आहे.

जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७ हजार लिटर वायू. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो साधारण साडेअकरा तास पुरतो, १५ लिटर लागत असेल तर पावणेआठ तास. छोटा, दीड हजार लिटरचा, १० लिटरच्या गतीने अडीच तास. आता तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात १० लिटरवरचे आठ रुग्ण बसवा : तासाला ४,८०० लिटर, म्हणजे जवळजवळ दर दीड तासाला एक जंबो. रात्री ८ ते सकाळी ६ पर्यंत सात सिलिंडर हवेत. कोपऱ्यात पाचच उभे दाखवा आणि कुणालाही बोलायला लावू नका. आकडे फळ्यावर खडूने लिहिलेले दिसले तरी पुरे.

वस्तू नीट हव्यात. सिलिंडर काळा, खांदा पांढरा. फ्लोमीटरमधला गोळा वर तरंगतो आणि ह्युमिडिफायरच्या बाटलीत बुडबुडे येतात. बुडबुडे नसले की प्रेक्षकातली नर्स हसते. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं यंत्र) आणलात तर लक्षात ठेवा, पाच लिटरचं यंत्र पाचच लिटर देतं, आणि वीज गेली की तेही नाही. विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपुरात २३ एप्रिलला पोचली. ती बातमी टीव्हीवर चालू असताना तालुक्यात सिलिंडरची गाडी अजून यायची आहे, हे एका चौकटीत बसतं.

रेमडेसिविर या तेव्हा कोविडसाठी देत असलेल्या इंजेक्शनचा हिशोबही ठरलेला : पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, पुढे चार दिवस १००, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. चारच मिळालेल्या नातेवाइकाला उरलेल्या दोनसाठी कुठे-कुठे पाठवता येईल, त्यावर एक अख्खा भाग उभा राहतो.

लसीचा प्रसंग

कोविशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा, उघडल्यावर चार तासांत संपवायच्या. दुपारी तीन वाजता सहाच माणसं बसली आहेत. कुपी फोडायची की त्यांना परत पाठवायचं? सिस्टरने फोडली तर चार मात्रा वाया आणि स्पष्टीकरण द्यायचं, नाही फोडली तर हे सहाजण पुन्हा येतील याची खात्री नाही. आशाताई उरलेले चार शोधायला उन्हात निघते. घड्याळ आणि चालणं, बाकी काही नको. मे २०२१ घेतलात तर १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोविन या सरकारी लसनोंदणी संकेतस्थळावरून वेळ घ्यावी लागे. शहरातल्या पोरांनी गावचे स्लॉट घेऊन गाड्यांतून यावं आणि गावकऱ्यांनी बाहेर उभं राहून पाहावं, हे अनेक केंद्रांवर झालं.

हमखास होणाऱ्या चुका

मे २०२०मध्ये दुकानं उघडली तेव्हाची दारूची लांब रांग सगळ्यांना दाखवायची असते. गाव वर्धा किंवा गडचिरोलीतलं असेल तर काढून टाका, तिथे दारूबंदी आहे. चंद्रपुरातही तेव्हा होती, ती उठवायचा निर्णय मे २०२१च्या अखेरीस झाला. एप्रिल २०२०च्या गावात तोंडावर एन-९५ नको, दुपट्टा किंवा रुमाल हवा. जिल्हा ओलांडायचा ई-पास २ सप्टेंबर २०२०पासून गेला आणि एप्रिल २०२१च्या अखेरीस पुन्हा आला, मधल्या काळात नाक्यावर पास तपासणारा पोलीस दाखवू नका.

बोलीत सगळ्यात जास्त घोटाळा होतो. अमरावती-अकोल्याची वऱ्हाडी आणि वडसा-गडचिरोलीकडची झाडीबोली एक नाही. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो म्हणून प्रत्येक पात्राला तसं बोलायला लावू नका. मास्तर, तलाठी, सिस्टर साहेबांशी प्रमाण भाषेत बोलतात आणि फोन ठेवून मागे वळले की ‘काहून बे’ (का रे) म्हणतात. तो बदल ऐकू आला तर अधिकार कुठून कुठे वाहतो हे निराळं सांगावं लागत नाही. बोलीला विनोदी माणसाच्या तोंडी कोंबणं ही जुनी खोड, ती सोडा.

चित्रीकरणाचं थोडक्यात

कलाकार झाडीपट्टीतून, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या रंगभूमीवरून घ्या. दिवाळी ते होळी त्यांचा हंगाम, तेव्हा तारखा मिळत नाहीत, होळीनंतर मिळतात. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी कमावलेला असतो, म्हणून आठवडाभर आधी माईक लावून तालीम करा, आवाज आपसूक खाली येतो. मे महिन्यात पीपीई किटचा प्रसंग सकाळी नऊच्या आत उरका. पारा ४५च्या आसपास असताना त्या कपड्यात माणूस वीस मिनिटांत गळतो. सलग टेक नको, पायात साध्या चपला आणि जवळ मीठ-साखरेचं पाणी ठेवा.

चालू आरोग्य केंद्रात कॅमेरा नेऊ नका. उन्हाळी सुट्टीतली शाळा जिल्हा परिषदेच्या लेखी परवानगीने घ्या आणि तिचंच रुग्णालय करा. खरा जिल्हा वापरलात तर तालुका काल्पनिक ठेवा. त्या काळात खुर्चीवर असलेल्या अधिकाऱ्याशी पात्राचं नाव, आडनाव, लकब जुळत नाही ना, हे वाचनाच्या वेळी तपासा. शेवटी गाड्यांच्या पाट्या : अमरावतीला एमएच २७, यवतमाळला २९, अकोल्याला ३०, वर्ध्याला ३२, गडचिरोलीला ३३, चंद्रपूरला ३४. पुण्याहून भाड्याने आणलेली रुग्णवाहिका एमएच १२ची पाटी घेऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या रस्त्यावर धावली, तर ती पाटी झाकून घ्या किंवा कॅमेरा बाजूने लावा.