पोळ्यांची वेळ कोणाची? स्वयंपाकघरातली कामं वाटून घेण्याची रीत

घरातली कामं वाटून घ्यायची असं ठरतं, पहिला आठवडा उत्साहात जातो आणि महिन्याभरात सगळं पुन्हा बाईच्या अंगावर येऊन पडतं. बहुतेक घरांत वाटणी करतानाच चूक झालेली असते. २०१९ साली देशभर झालेल्या वेळ-वापर पाहणीत ८१.२ टक्के बायका आणि २६.१ टक्के पुरुष पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावताना आढळले. जे करत होते त्यांच्यातही बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं होती, तर पुरुषांची ९७. एवढी मोठी दरी ‘जरा हातभार लाव’ एवढ्यानं भरत नाही. पद्धतशीर बसून काम करावं लागतं.

आधी यादी

एक वही ओट्याजवळ ठेवा आणि सात दिवस घरात झालेलं प्रत्येक काम लिहा. चार रकाने पुरतात: काम काय, केलं कोणी, किती वाजता, आणि ते करायचंय हे लक्षात कोणाच्या आलं. चौथा रकाना गाळू नका, खरं ओझं तिथंच दिसतं. नवऱ्यानं दुकानातून रवा आणला, पण रवा संपत आलाय हे बायकोनं पाहिलं, आठवण ठेवली, दोनदा सांगितलं, तर त्या कामाचा अर्धा भार तिच्याकडेच राहिला.

यादीत ही कामं हटकून सुटतात: दुधावर लक्ष ठेवणं, विरजण लावणं, मटकी भिजवणं आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधणं, कोथिंबीर निवडून ठेवणं, डब्यांची झाकणं आणि रबरं धुणं, सिलिंडर नोंदवणं, ओला कचरा बाहेर ठेवणं, तांदळात पोरकिडे झालेत का बघणं, कामाला येणाऱ्या मावशींशी सुट्टीचं बोलणं. मावशी असल्या की घरकामाचा प्रश्न सुटला असं पुरुष धरून चालतात. त्या ज्या दिवशी येत नाहीत त्या दिवशी भांडी कोण घासणार, हे आधीच नाव घालून लिहून ठेवा.

वाटणी घड्याळाकडे बघून

कामांचे दोन ढीग करा. एकात घड्याळाला बांधलेली कामं: सकाळचे डबे, पोळ्या, दूध तापवणं, रात्रीचा स्वयंपाक, जेवणानंतरची आवराआवर. दुसऱ्यात सवडीची: वीजबिल, बँक, महिन्याचा किराणा, गाडी, माळ्यावरची साफसफाई. पुरुष सवडीचा ढीग उचलतात आणि यादीतली कामं मोजली तर बरोबरीही दिसते. पण सवडीचं काम रविवारवर ढकलता येतं, आठ वाजताचा डबा ढकलता येत नाही. झोप, नोकरीची वेळ, आजारपण या सगळ्यावर मर्यादा घालणारी कामं पहिल्या ढिगात आहेत. म्हणून प्रत्येक मोठ्या माणसाकडे घड्याळाला बांधलेलं निदान एक काम रोज असलंच पाहिजे. ही अट सोडली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

काम द्यायचं ते अख्खं. ‘डब्याची भाजी’ म्हणजे भाजी घरात आहे का हे आदल्या दिवशी बघणं, निवडणं, चिरणं, फोडणीला टाकणं, डबे भरणं, कढई घासायला टाकणं आणि ओटा पुसणं. रविवारी मटण करून घरभर वाहवा मिळवायची आणि सिंकमध्ये भांड्यांचा ढीग मागं सोडायचा, हे अर्धं काम झालं. ओटा कोरडा, सिंक रिकामं आणि गॅस रेग्युलेटरपाशी बंद, एवढं झालं की स्वयंपाक संपला.

दर्जाबद्दल एकदाच बोलून घ्या: चिरलेल्या भाजीचा आकार ज्याचा त्याचा, पण पालेभाजी तीन पाण्यांत धुतलेलीच हवी. ज्याच्याकडे काम दिलंय त्याच्या मागोमाग जाऊन ते पुन्हा करायचं नाही. पुन्हा करणाऱ्याकडेच ते काम आठवड्यात परत येतं. आणि शिकणाऱ्यानं ‘हिंग कुठाय, मीठ किती’ असं दर दोन मिनिटांनी विचारत राहिलं तर दुसरं माणूस मोकळं होतच नाही. त्यावर उपाय सोपा आहे: डब्यांवर नावं चिकटवा, प्रमाणं वहीत लिहा, आणि पहिले पंधरा दिवस दुसऱ्या माणसानं त्या वेळेत स्वयंपाकघराबाहेर राहायचं.

शिकण्याचा क्रम

सुरुवात कुकरपासून. चार माणसांना दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी तूरडाळ पुरते. दोन्ही धुऊन अर्धा तास भिजवा. तांदळाला दुप्पट पाणी, इंद्रायणीसारखा चिकट किंवा नवा तांदूळ असेल तर थोडं कमी. डाळीला अडीचपट पाणी, हळद, हिंग आणि चार थेंब तेल. कुकरच्या तळाशी दोन बोटं पाणी घाला. ते विसरलं तर तळ जळतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. खाली डाळ, वर भात, तीन-चार शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून घाईनं वाफ काढली की पाणी फसफसून बाहेर येतं आणि हात भाजतो. डाळ बोटचेपी राहिली तर ती जुनी असते, भिजलेली नसते, किंवा आमसूल-चिंच शिजायच्या आधीच पडलेली असते.

मग भाजी. दीड-दोन चमचे तेल चांगलं तापल्यावर मोहरी टाका आणि ती पूर्ण तडतडेपर्यंत थांबा, नाहीतर दाताखाली कडवट लागते. त्यानंतर जिरं आणि हिंग घालून आच कमी करा आणि हळद सगळ्यांत शेवटी. हळद जळली की अख्खी भाजी कडू होते आणि त्यावर इलाज नाही, फोडणी नव्यानं करावी लागते. भेंडी धुऊन पुसून पूर्ण कोरडी करूनच चिरायची आणि झाकण न ठेवता परतायची, मग तार सुटत नाही.

पोळ्यांपाशी बहुतेकांची गाडी अडते. ‘मला वरण, भात, भाजी सगळं येतं, फक्त पोळ्या येत नाहीत’ असं म्हणणारे पुरुष पुष्कळ आहेत. पण रोजच्या स्वयंपाकातला सर्वांत मोठा उभ्यानं जाणारा वेळ पोळ्यांचाच आहे. त्या न शिकता निम्मा स्वयंपाक केला असं म्हणता येणार नाही. पाव किलो कणकेत नऊ-दहा घडीच्या पोळ्या होतात. चिमूट मीठ, चमचाभर तेल आणि साधारण दीडशे मिली पाणी थोडं थोडं घालत मळा. गोळा पुरीच्या कणकेपेक्षा सैल हवा. तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवा. पारी लाटून आतून तेल आणि पिठाची बोटं लावा, घडी घाला आणि कडेनं लाटत न्या. कडा जाड राहिल्या तर मधे भाजते आणि कडेला कच्ची राहते. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की लगेच चरचरून उडाला पाहिजे. मंद आचेवर पोळी जास्त वेळ राहून वाळते आणि डब्यात दुपारी कडक होते. पहिल्या आठवड्यात रोज फक्त चार पोळ्या लाटा, एकानं लाटायच्या आणि दुसऱ्यानं भाजायच्या. आकारावर कोणी बोलायचं नाही. सकाळी घाई होत असेल तर कणीक रात्री मळून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवता येते. रंग थोडा काळपट होतो, पण दुसऱ्या सकाळपर्यंत वापरली तर पोळी नीट होते. आणि एखाद्या आठवड्यात कोणालाच झेपत नसेल तर पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणाव्यात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पानावर बसताना

तव्यावरची गरम पोळी थेट पानात पडली पाहिजे, ही अपेक्षा घरात असेल तर एक माणूस जेवणभर उभं राहणार, सगळ्यांच्या शेवटी जेवणार आणि उरलेलं खाणार. बाकी कितीही वाटणी केली तरी ही एक सवय ती पुसून टाकते. म्हणून पोळ्या आधी करून तुपाचा हात लावून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. अर्धा तास त्या मऊ आणि कोमट राहतात. सगळे एकदम बसा. घरात आजारी किंवा दात नसलेलं माणूस असेल तर त्याचं पान आधी करा. गरम पोळीचा हट्ट कोणी सोडायलाच तयार नसेल तर तव्यापाशी पाळी लावा, एक दिवस तो, एक दिवस ती. आठवड्याभरात हट्ट बहुधा मावळतो.

पाहुणे आले की बेल वाजताच चहाला कोण उठतं, हेही पाहा. हेही ठरवून ठेवायचं काम आहे.

घरातली मोठी माणसं आणि मुलं

सासूबाईंना सुनेनं समजावायचं नाही, मुलानंच बोलायचं. ‘आई, उद्यापासून सकाळचे डबे मी करणार आहे. काही राहिलं तर मला सांग, तिला नको.’ एवढं पुरे. मोठा खुलासा केला की वाद वाढतो. पहिले काही दिवस ‘पोराला कामाला लावलं’ असं ऐकू येईल. अशा वेळी मुलानं ओट्यापासून बाजूला व्हायचं नाही. आईला खाली बसून जमण्यासारखं आणि तिच्या हातचं म्हणून घराला हवं असलेलं काम, जसं लोणच्याचं प्रमाण किंवा पालेभाजी निवडणं, तिच्याकडेच राहू द्या.

मुलगा आणि मुलगी दोघांना एकाच वयात एकच काम. सहाव्या वर्षी पानं-पाणी घेणं आणि मटार सोलणं, नवव्या वर्षी आपलं ताट विसळणं आणि कोशिंबीर कालवणं, बाराव्या वर्षी मोठ्यांच्या देखरेखीखाली कुकर लावणं, पंधराव्या वर्षी फोडणी आणि पोळ्या. भावाचं ताट बहिणीनं उचलायचं नाही. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. मुलांनी पुस्तकात पाहिलेलं चित्र घरी दिसलं तर त्याचा काही उपयोग.

सणाचा हिशेब वेगळा लावा

रोजची घडी बसली तरी गौरी-गणपती आणि दिवाळीला ती मोडते, कारण फराळाचं काम तळण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं असतं, चकलीची भाजणी आधी भाजून दळून आणायची असते, डबे धुऊन वाळवायचे असतात. म्हणून दिवाळीच्या तीन आठवडे आधी एका संध्याकाळी सगळे बसा. किती पदार्थ करायचे आणि किती विकत आणायचे ते ठरवा, आणि प्रत्येक पदार्थ सामानापासून डबा भरण्यापर्यंत एकाच्याच नावावर लिहा. करंजीला मात्र दोन-तीन माणसं लागतातच, एकानं लाटायचं, एकानं भरायचं, एकानं तळायचं. लाटलेली पारी वाळते, म्हणून भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवा, नाहीतर तेलात फुटतात. पदार्थ वाटून झाले की तळणीच्या कढया आणि चिकट ओटा कोण घासणार, तेही त्याच कागदावर लिहून तो फ्रीजला चिकटवा.