‘सेनो’चे भाषांतर करताना या चुका टाळा

स्पॅनिश मजकूर मराठीत आणणाऱ्याला ‘सेनो’ हा छोटासा शब्द हमखास अडवतो. त्याचा अर्थ स्तन असा होतो, हाडातील पोकळी असा होतो आणि त्रिकोणमितीतील साइन, म्हणजेच आपली ज्या, असाही होतो. लहान शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलून पुढे गेलेल्या भाषांतरात मग ‘३० अंशांच्या स्तनाची किंमत ०.५’ अशी वाक्ये अवतरतात.

सर्वांत महागात पडणारी चूक वैद्यकीय मजकुरात होते. ‘सेनोस पारानासालेस’ म्हणजे नाकाभोवतालच्या हवेच्या पोकळ्या, ज्यांना आपण सर्रास सायनस म्हणतो. शेजारी ‘फ्रोन्ताल’, ‘माक्सिलार’, ‘एत्मोइदाल’ किंवा ‘एस्फेनोइदाल’ यांपैकी एखादे विशेषण असेल, तर सायनसखेरीज दुसरा अर्थ संभवत नाही. ‘सेनो कोरोनारिओ’ ही मात्र हृदयाची शीर आहे, तिचा नाकाशी संबंध नाही. उलट ‘कान्सेर दे सेनो’ म्हणजे स्तनांचा कर्करोग. लॅटिन अमेरिकेत ही संज्ञा बरीच रूढ आहे, तर स्पेनमध्ये ‘कान्सेर दे मामा’ असे म्हणतात. इथे सायनस लिहिणे ही केवळ भाषेची चूक राहत नाही, कारण तो मजकूर रुग्णाच्या हाती जाणार असतो.

हे अर्थ एकाच शब्दात कसे आले, हे ठाऊक असले की घोटाळा कमी होतो. लॅटिन ‘सायनस’ म्हणजे वळण, खोलगट जागा, वस्त्राची छातीवर पडणारी चुणी. शरीरातले अर्थ तिथूनच आले. गणितातला अर्थ मात्र चुकीच्या वाचनातून आला, आणि त्याची सुरुवात भारतात आहे. इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’ या गणित-खगोल ग्रंथात अर्धज्यांची, म्हणजे आजच्या साइनच्या किमतींची, सारणी आहे. ‘ज्या’चाच पर्याय असलेला ‘जीवा’ हा शब्द अरबीत ‘जीबा’ झाला, पण अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्याने पुढे तो ‘जैब’ असा, म्हणजे अंगरख्याचा गळा किंवा छातीवरची चुणी या अर्थाने, वाचला गेला. (हिंदीतली ‘जेब’ याच शब्दावरून आली आहे.) बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणणाऱ्यांनी त्याला ‘सायनस’ हा प्रतिशब्द दिला, आणि स्पॅनिशमध्ये त्याचा ‘सेनो’ झाला. म्हणून गणिती मजकुरात ‘ज्या’ लिहिणे हे भाषांतर कमी आणि शब्दाला घरी परत आणणे अधिक आहे.

‘एन एल सेनो दे ला फामिलिया’ या प्रयोगात शरीरही नाही आणि गणितही नाही. तिथे ‘कुटुंबाच्या कुशीत’ हे मराठीत सहज बसते, पण समितीच्या किंवा संघटनेच्या संदर्भात ‘कुशीत’ हास्यास्पद ठरेल. तिथे ‘समितीमध्ये’ एवढेच पुरे. चिलीच्या नकाशावरील ‘सेनो ओत्वाय’ हे तर समुद्राचे आत शिरलेले पाणी आहे.

उच्चारातही एक फसगत आहे. लॅटिन अमेरिकेत ‘मी रात्री जेवतो’ या अर्थाचे ‘सेनो’ हे क्रियापद अगदी तसेच ऐकू येते. स्पेनच्या बहुतेक भागात या क्रियापदाचा उच्चार ‘थेनो’च्या जवळ जातो.

गणिताच्या पुस्तकांत साइन या फलाचे (फंक्शनचे) संक्षिप्त रूप बहुधा ‘सेन’ असे छापतात, कारण ‘सिन’ हे स्पॅनिशमध्ये ‘शिवाय, विना’ या अर्थाचे शब्दयोगी अव्यय आहे. स्पॅनिश एक्सेलमध्येही फलाचे नाव ‘सेनो’ असेच आहे. तिथे इंग्रजी ‘सिन’ टंकल्यास नाव ओळखता न आल्याची त्रुटी दिसते. नाव बरोबर लिहूनही सेनो(३०) चे उत्तर ०.५ ऐवजी सुमारे −०.९८८ येत असेल, तर दोष शब्दाचा नसून कोनाच्या एककाचा आहे, कारण एक्सेल कोन अंशांत नव्हे, तर रेडियन या दुसऱ्या एककात धरते. अशा वेळी सेनो(रादियानेस(३०)) असे लिहावे.