पायथॉनमधून फोल्डरात फोल्डर बनवणं आणि फाइली कॉपी करणं

पायथॉन चालवता येतं आणि कुठून कुठे काय न्यायचंय ते ठरलंय, एवढं धरून चालतो.

फोल्डरं बनवणं एका ओळीचं काम. 'पाथलिब' (pathlib, पायथॉनसोबतच येणारं पाथ हाताळायचं मॉड्यूल) याच्या 'मेकडिर'ला (mkdir) 'पॅरेंट्स=ट्रू' आणि 'एक्झिस्ट_ओके=ट्रू' द्या. मधली सगळी फोल्डरं तयार होतात आणि आधीच असतील तर तक्रार होत नाही. 'आधी फोल्डर आहे का बघा, नसेल तरच बनवा' हा सल्ला जागोजागी मिळतो. तो सोडून द्या. बघणं आणि बनवणं यांच्यामध्ये दुसऱ्या प्रोसेसने तेच फोल्डर बनवलं, की तुमचा प्रोग्राम पडलाच.

विंडोजवर पाथ लिहितानाही सरळ स्लॅशच वापरा. उलट्या स्लॅशनंतर 'एन' आलं, तर पायथॉन ती नवी ओळ समजतं.

आता कॉपी. इथे मी बराच अडखळलो आहे, म्हणून सावकाश वाचा.

'शटिल' (shutil) हे फाइली कॉपी करायचं मॉड्यूल, तेही पायथॉनसोबतच येतं. त्यातल्या 'शटिल.कॉपी'ला डेस्टिनेशन म्हणून 'जुने' हे फोल्डर दिलं आणि ते खरंच असलं, तर फाइल मूळ नावाने आत जाते. फोल्डर नसेल तर एरर यायला हवी, असं कोणालाही वाटेल. येत नाही! 'जुने' नावाची, एक्स्टेंशन नसलेली एक फाइल तयार होते. लूप चालू असेल तर पुढची प्रत्येक फाइल तिच्यावरच लिहिली जाते आणि शेवटी फक्त शेवटची उरते. प्रोग्राम मात्र शांतपणे संपतो. नंतर 'मेकडिर' लिहून दुरुस्ती करायला गेलात, तर 'एक्झिस्ट_ओके' असूनही 'फाइल-एक्झिस्ट्स-एरर' येते, कारण त्या नावाने तिथे फाइल बसलेली असते. ती आधी हाताने काढावी लागते.

म्हणून माझा नियम: डेस्टिनेशनला नुसतं फोल्डर कधीच द्यायचं नाही, फाइलच्या नावासकट पूर्ण पाथ द्यायचा. सोर्सपासूनचा पाथ 'रिलेटिव्ह_टू'ने काढा, तो डेस्टिनेशन फोल्डरला जोडा, जोडलेल्या पाथच्या 'पॅरेंट'वर (म्हणजे फाइल ज्यात जाणार त्या फोल्डरावर) 'मेकडिर' चालवा आणि मगच कॉपी करा. 'रिलेटिव्ह_टू'चा कंटाळा करून नुसतं 'नेम' (फक्त फाइलचं नाव) जोडणारे बरेच भेटतात. मग दोन उपफोल्डरांत एकाच नावाच्या फाइली असल्या, की एक गेली म्हणून समजा. 'शटिल' आधीची फाइल पुसताना काहीही विचारत नाही. जुनी फाइल हवी असेल, तर कॉपीआधी 'एक्झिस्ट्स'ने तुम्हीच बघा. (फोल्डरसाठी नको म्हटलेली तपासणी इथे लागते, कारण इथे एररचा आधार नाही.)

डेस्टिनेशन सोर्सच्या आत ठेवू नका. लूपसाठी फाइली शोधून देणाऱ्या, उपफोल्डरांतही शिरणाऱ्या 'पाथलिब'च्या 'आरग्लोब'ला (rglob) तिथल्या कॉपीही सापडू लागतात. 'आरग्लोब' फोल्डरंही परत देतं, ती 'इज_फाइल'ने गाळा.

बॅकअपसाठी 'शटिल'चीच 'कॉपी२' घ्या. शेवटच्या बदलाची वेळ तीच राखते, 'कॉपी' राखत नाही.

काहीच निवडायचं नसेल, अख्खं झाड उचलायचं असेल, तर लूप कशाला? 'कॉपीट्री' आहे. डेस्टिनेशन आधीच असेल तर 'डर्स_एक्झिस्ट_ओके=ट्रू' द्या; ही सोय पायथॉन ३.८ पासून आहे.

पहिल्या वेळी 'मेकडिर' आणि कॉपीच्या ओळी बंद ठेवून सोर्सचा पाथ डावीकडे आणि डेस्टिनेशनचा उजवीकडे असे दोन्ही नुसते प्रिंट करा. उजवीकडचा पाथ फाइलच्या नावाने संपत नसेल, तर पुढे जाऊ नका.