जपानीतलं 'तर': तो, तारा, बा आणि नारा

जपानी शिकताना 'जर-तर'चा धडा आला की बहुतेकजण चार रूपांचा तक्ता पाठ करायला बसतात. मीही तेच केलं आणि महिनाभर गोंधळले. तक्ता जरा बाजूला ठेवा. मराठीत आपण काय बोलतो, ते आधी ऐका.

'बटण दाबलं की दार उघडतं.' जपानीत: 'बोतान ओ ओसु तो, दोआ गा आकिमास.' दरवेळी आपोआप घडणारं असेल, तर 'तो'. पण इथेच आपला 'की' घात करतो. 'स्टेशनवर पोचलात की फोन करा' असं आपण सहज म्हणतो, म्हणून मी वहीत लिहिलं, 'एकि नि त्सुकु तो, देन्वा शिते कुदासाइ.' बाईंनी 'त्सुकु तो' खोडून वर 'त्सुइतारा' लिहिलं. 'तो'च्या पुढे विनंती, आज्ञा, इच्छा, बेत यांतलं काहीही चालत नाही. एवढं घोकाच.

'तारा' सोपं आहे. भूतकाळाच्या रूपाला 'रा' जोडायचा: फुत्ता, फुत्तारा. आपणही 'पाऊस पडला तर' म्हणतो तेव्हा पाऊस पडलेला नसतो, तरी क्रियापद भूतकाळीच! 'आमे गा फुत्तारा, इकिमासेन', पाऊस पडला तर जाणार नाही. सुरुवातीचं 'मोशि' आपल्या 'जर'सारखंच, गाळलं तरी चालतं. बोलताना अडलात तर 'तारा'च वापरा, बहुतेक ठिकाणी निभावतं.

'बा'मध्ये अटीवर भर असतो: 'यासुकेरेबा काइमास', स्वस्त असेल तर घेईन. 'इइ'चं (म्हणजे 'चांगलं') मात्र 'योकेरेबा' होतं.

'नारा'ला वेळ द्या. 'क्योतो ए इकु नारा, शिन्कान्सेन गा बेन्रि देस': क्योतोला जायचं असेल तर शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सोयीची. गाडी निवडायची ती जाण्याआधी. इथे 'इत्तारा' ('इकु'चं 'तारा' रूप) म्हटलंत, तर क्योतोला गेल्यानंतरची गोष्ट होते.

हा फरक मला पक्का कळला तो जपानमधल्या वाहतूक सुरक्षेच्या एका प्रसिद्ध घोषवाक्यामुळे: 'नोन्दारा नोरुना, नोरुनारा नोमुना.' प्यायलात तर गाडी चालवू नका, चालवायची असेल तर पिऊ नका. 'नोमु'चा भूतकाळ 'नोन्दा', म्हणून 'नोन्दारा'. पिणं होऊन गेलेलं आहे. 'नोरुनारा'त गाडी अजून हातात घेतलेली नाही, नुसता बेत आहे. त्याऐवजी 'नोत्तारा नोमुना' म्हटलं, तर अर्थ होईल 'गाडीत बसल्यावर पिऊ नका', आणि बसण्याआधीचं पिणं मोकळंच राहील.